बैल जाण्याआधी झोपा करा!



राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी दाजीकाकांकडे एक ठासणीची बंदूक होती. रानडुकरं आणि वानरांपासून भात-नाचणी वाचवण्यासाठी रीतसर परवाना काढून घेतलेली. निवडणूक जाहीर झाली की पोलीस पाटील निरोप घेऊन यायचे, "दाजी, हत्यार जमा करा." काका बंदूक पोत्यात गुंडाळून एस.टी.ने पोलीस ठाण्यात नेऊन द्यायचे, पावती जपून ठेवायचे आणि निकाल लागल्यावर परत आणायचे. मधल्या काळात शेतात डुकरांचं राज्य! म्हणजे तिकडे निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जाते. इकडे व्हर्जिनियात निवडणूक आली की बंदूकवाल्याने स्वतः मतदान केंद्रात जायचं असतं. हा साधा फरक माझ्या डोक्यात शिरायला या देशात वीस वर्षं जावी लागली. तेच सांगायला हा लेख.

आधी दोन खुलासे करतो. पहिला : आपलं मंडळ करमुक्त संस्था आहे, त्यामुळे अमुक उमेदवाराला मत द्या असं या पानांवर सांगता येत नाही, आणि मला सांगायचंही नाही. दुसरा : मी बंदूक बाळगतो. आमचं घर गावाबाहेर आहे, बायकोची हॉस्पिटलात रात्रपाळी असते, आणि ९११ फिरवल्यावर शेरीफची गाडी यायला किती वेळ लागतो ते मी एकदा अनुभवलंय. रेंजवर जाऊन शिकलो, घरात तिजोरी बसवली आणि मगच पिस्तूल घेतलं. मंडळातल्या पुष्कळ जणांना हे पटत नाही हे मला ठाऊक आहे. पण निदान पाचपन्नास घरं अशी आहेत जिथे हे पटतं, फक्त हळदीकुंकवाला कोणी बोलून दाखवत नाही. आजचं माझं भांडण त्या घरांशी आहे. म्हणजे माझ्याशीही आहे.

२० जानेवारी २०२० या दिवशी मी रिचमंडला गेलो होतो. कडाक्याची थंडी. राजधानीच्या आवारात आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर मिळून सुमारे बावीस हजार माणसं जमली होती. विधिमंडळात बंदुकांवरचे नवे कायदे येऊ घातले होते, त्याविरुद्ध हा मेळावा. कसलीही मोडतोड न होता तो पार पडला. मी अगदी भारावून गेलो होतो. शेजारी एक सत्तरीचे गोरे आजोबा थर्मासमधून कॉफी पीत उभे होते. त्यांनी मलाही कपभर दिली आणि विचारलं, "नोव्हेंबरात मत दिलंस ना?"

मी गप्प. ५ नोव्हेंबर २०१९, मंगळवार. त्या शनिवारी आपला दिवाळीचा कार्यक्रम होता आणि मी नाटकात होतो. ऑफिसातून सुटलो तो थेट तालमीला गेलो. मतदान सात वाजता बंद झालं तेव्हा मी दुसऱ्या अंकातल्या एंट्रीची वाट बघत होतो. आजोबांना मी हे प्रामाणिकपणे सांगितलं. ते रागावले नाहीत. "मग आज कशाला आलास?" एवढंच म्हणाले. मराठीत याला बैल गेला नि झोपा केला असं म्हणतात, हे त्यांना इंग्रजीत कसं सांगावं ते मला सुचलं नाही.

आता त्या नोव्हेंबरात झालं काय ते बघा. ३१ मे २०१९ ला व्हर्जिनिया बीचला एका माथेफिरूने बारा जणांचा जीव घेतला. गव्हर्नर नॉर्थम यांनी ९ जुलैला खास अधिवेशन बोलावलं. रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने एकाही विधेयकावर मत न घेता दीड तासात ते तहकूब केलं. आमच्यातले बरेच जण खूश झाले, की चला, संकट टळलं! टळलं कसलं, ते निवडणुकीपुरतं पुढे ढकललं गेलं. नोव्हेंबरात डेमोक्रॅट पक्षाने दोन्ही सभागृहं जिंकली : सिनेट २१ विरुद्ध १९, हाउस ५५ विरुद्ध ४५. एप्रिलमध्ये गव्हर्नरांच्या सह्या झाल्या आणि १ जुलै २०२० पासून कायदे लागू. प्रत्येक विक्रीला पार्श्वभूमीची तपासणी, तीस दिवसांत एकच हॅंडगन, धोकादायक वाटणाऱ्या माणसाची हत्यारं तात्पुरती काढून घेण्याचा आदेश, आणि पार्कात वा सरकारी इमारतीत बंदुकीला बंदी घालण्याचा स्थानिक संस्थांना अधिकार. यातलं काय योग्य, काय अयोग्य यावर आपण वेगळं भांडू. पण या सगळ्याचा निकाल नोव्हेंबरात लागला होता. जानेवारीतले आम्ही बावीस हजार म्हणजे वरातीमागून घोडे!

"अहो, माझ्या एका मताने काय होणार होतं?" हे वाक्य मीही तोंडावर फेकलेलं आहे. त्याला व्हर्जिनियानेच उत्तर देऊन ठेवलंय. २०१७ साली न्यूपोर्ट न्यूजच्या ९४व्या मतदारसंघात फेरमोजणीनंतर शेली सायमंड्स एका मताने पुढे होत्या. दुसऱ्या दिवशी कोर्टापुढे एक वादग्रस्त मतपत्रिका आली. त्या मतदाराने दोन्ही उमेदवारांपुढचे गोल काळे केले होते आणि एकावर तिरकी रेघ मारली होती. न्यायाधीशांनी ते मत डेव्हिड यान्सी यांचं धरलं. झाली बरोबरी : ११,६०८ विरुद्ध ११,६०८. शेवटी ४ जानेवारी २०१८ ला वाडग्यातून चिठ्ठी काढली. यान्सींचं नाव निघालं आणि हाउसमध्ये रिपब्लिकन पक्षाचं ५१-४९ बहुमत टिकलं. राज्याच्या विधिमंडळाचं बहुमत एका चिठ्ठीवर! त्या मतदारसंघात तालमीला गेलेला एक जरी माणूस मतदानाला गेला असता तरी वाडगा लागला नसता. आणि त्या मतदाराने गोल नीट काळा केला असता तर कोर्टही लागलं नसतं. मत जपून द्या म्हणतो ते इतक्या साध्या अर्थानेही म्हणतो.

पण नुसतं जाऊन भागत नाही. आपल्यातले जे जातात त्यांची दुसरी खोड म्हणजे पक्षाचं नाव बघून डोळे मिटून गोल काळा करायचा. 'अमका पक्ष बंदुकीच्या बाजूचा, तमका विरुद्ध' हे गणित ढोबळमानाने खरं आहे, हे मी नाकारत नाही. पण ढोबळमानाने आपण सासुरवाडीसुद्धा निवडत नाही!

इतिहास बघा. कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे घेऊन फिरायला बंदी करणाऱ्या १९६७ च्या कायद्यावर सही होती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनीच १९८६ मध्ये बंदूकमालकांना संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि त्याच कायद्यात नागरिकांसाठी नव्या मशीनगनवर बंदी होती. राष्ट्रीय उद्यानांत बंदूक नेण्याची मुभा देणाऱ्या २००९ च्या कायद्यावर सही कोणाची? बराक ओबामांची. बंप स्टॉकवर २०१८ मध्ये नियम काढून बंदी कोणी आणली? ट्रम्प यांच्या पहिल्या सरकारने. ती २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उठवली. घरात हॅंडगन ठेवणं हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क आहे असं सांगणारा २००८ चा हेलर निकाल पाच विरुद्ध चार असा निसटता लागला. विरोधातल्या चौघांपैकी स्टीव्हन्स आणि साउटर या दोघांना रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेलं होतं.

आपल्या राज्यातलं उदाहरण तर याहून बोलकं आहे. महिन्याला एकच हॅंडगन हा कायदा इथे १९९३ मध्ये पहिल्यांदा आला. तेव्हा हाउसमध्ये असलेल्या बॉब मॅकडॉनल यांनी त्याच्या बाजूने मत दिलं होतं. पुढे गव्हर्नर झाल्यावर २०१२ मध्ये तो रद्द करणाऱ्या विधेयकावर त्यांनीच सही केली. २०२० मध्ये तो परत आला. एकच कायदा आला, गेला, आला! जिंकलो म्हणून निजायचं नाही आणि हरलो म्हणून रडायचं नाही, हा यातला धडा. आणि २०२० सालीच अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आणणारं विधेयक सिनेटच्या समितीत कशामुळे अडलं? चार डेमोक्रॅट सिनेटर रिपब्लिकनांबरोबर गेले आणि दहा विरुद्ध पाच मतांनी ते अभ्यासासाठी बाजूला ठेवलं गेलं. त्या चौघांतले एक फेअरफॅक्सचे चॅप पीटरसन. २०२३ च्या जूनमधल्या प्रायमरीत ते स्वतःच्याच पक्षात हरले. बंदुकीवरचं ते मत त्यांच्याविरुद्धच्या प्रचारात होतं. रिचमंडला घोषणा देणाऱ्या माझ्यासारख्यांपैकी किती जण त्या प्रायमरीला गेले? आपल्या राज्यात मतदार पक्षाच्या नावाने नोंदला जात नाही. प्रायमरीत कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. ज्या जागेचा निकाल नोव्हेंबरात ठरलेलाच असतो तिथे खरी निवड जूनमध्ये होते. तरीही जून म्हणजे आपल्याला आंब्याच्या पेट्या नि भारताची तिकिटं!

तिसरी खोड म्हणजे मतपत्रिकेच्या वरच्या दोन ओळी भरून घरी येणं. खालच्या ओळी रिकाम्या ठेवणारे आपल्यात खूप. पण व्हर्जिनियात बंदूक लपवून बाळगण्याच्या परवान्याचा अर्ज सर्किट कोर्टात जातो, आणि त्या कोर्टाचा क्लर्क आठ वर्षांसाठी निवडून येतो. शेरीफ निवडून येतो. हत्यारं काढून घेण्याचा आदेश मागण्याचा अधिकार असलेला कॉमनवेल्थ्स ॲटर्नी, म्हणजे आपला सरकारी वकील, तोही निवडून येतो. न्यायाधीशांना तर विधिमंडळच निवडतं. वॉशिंग्टनवरून आपण नळावरच्यासारखे भांडतो आणि ज्याच्या टेबलावर आपला अर्ज पडणार त्याचं नावही आपल्याला माहीत नसतं.

आणि शेवटची खोड, मला सर्वांत धोक्याची वाटते ती. जो जास्त जोरात ओरडतो तो आपला, असं समजायचं. जाहिरातीत रायफल खांद्यावर घेऊन उभं राहायला काय लागतं? मी उमेदवाराला एकच प्रश्न विचारतो, "काय बोललात ते नको, कशाला मत दिलंत ते सांगा." आणि आणखी एक गोष्ट बघतो. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेकमध्ये बत्तीस जण मारले गेले. त्यात आपल्या देशातून आलेलेही होते. त्या खुन्याला २००५ मध्येच कोर्टाने स्वतःला धोकादायक ठरवलं होतं, पण ती नोंद तपासणीच्या यादीत पोचली नाही आणि त्याला दुकानात बंदुका मिळाल्या. त्यानंतर नोंदी सुधारण्यासाठी केंद्राचा जो कायदा झाला, त्याला नॅशनल रायफल असोसिएशनचाही पाठिंबा होता. म्हणजे हक्कही राखायचा आणि वेड्याच्या हातात बंदूकही जाऊ द्यायची नाही, हे जमू शकतं. ज्या उमेदवाराला या दोन्हींवर बोलता येतं त्याला मी दोन गुण जास्त देतो. ज्याला त्या बत्तीस जणांबद्दल एक शब्द सुचत नाही तो माझ्या हक्काचा मित्र नाही. पुढच्या कडक कायद्याचं कारण तोच पुरवतो.

बंदूक नको असलेले वाचक म्हणतील, "मग तुम्ही घरीच बसलात तर आमचं बरंच की!" बरोबर आहे. पण तुम्हीही माझ्याशी मतपत्रिकेवर भांडा, जेवणाच्या रांगेत नको. आणि ज्यांच्याकडे अजून नागरिकत्व नाही, ग्रीन कार्ड असलं तरी, त्यांनी कृपा करून उत्साहाच्या भरात मतदार नोंदणीच्या फॉर्मवर सही करू नये. तो गुन्हा आहे आणि त्यापायी देश सोडावा लागू शकतो.

१८७८ च्या हत्यारबंदी कायद्याने हिंदुस्थानी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायची मनाई केली आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली. तो कायदा करताना आपल्या पणजोबांना कोणी विचारलं नव्हतं. आपल्याला इथे दर वर्षी विचारतात. पंचेचाळीस दिवस आधीपासून मत देता येतं, आणि तरी आपल्याला वेळ नसतो!

असो. मंडळाच्या कार्यकारिणीला एक नम्र विनंती करून थांबतो. नोव्हेंबरातल्या मतदानाच्या मंगळवारी नाटकाची तालीम ठेवू नका. ठेवायचीच असेल तर साडेसातनंतर ठेवा, आणि मत देऊन आलेल्यालाच चहा द्या. माझी एंट्री दुसऱ्या अंकात आहे. मी तोवर पोचतो.