जिव्हा पाहतो, मग दात का नाही?

अष्टविध परीक्षेतील जिव्हापरीक्षा आम्ही वैद्यमंडळी निष्ठेने करतो. जिव्हा साम की निराम हे पाहून अग्नीचा अंदाज बांधतो आणि पथ्य लिहून देतो. परंतु त्याच मुखातील दातांकडे आमची दृष्टी क्वचितच वळते. कर्करोगाच्या रुग्णाबाबत ही उपेक्षा फार महागात पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही वर्षांपूर्वी घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेले एक गृहस्थ आमच्याकडे आले. आहार तुटपुंजा, वजन सतत उतरणारे. अरुचि व अग्निमांद्य असे निदान करून आम्ही दीपन-पाचन योजले. पंधरा दिवसांत वजन आणखी घटले. तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "भूक लागते हो त्यांना, पण चावायला घाबरतात." मुख उघडून पाहिले, तर हिरड्यांलगत दात काळे पडून ठिसूळ झालेले! अग्नी शाबूत होता. चूक आमच्या परीक्षेची होती.

मुख व घसा यांवरील किरणोपचारांनी लालाग्रंथी क्षीण होतात. लाळ आटली की दातांचे नैसर्गिक संरक्षण जाते आणि काही महिन्यांतच ते मुळाशी किडू लागतात. मग भाकरी, उसळ, मांस सुटते. उरते पेज आणि गोड दूध. प्रथिने कमी पडतात, मांसक्षय होतो, आणि वारंवार घेतलेल्या गोडाने कीड अधिकच बळावते. कवळी असल्यास वजन घटताच ती सैल होते व आहार आणखी कमी होतो. हे दुष्टचक्र होय.

ते रोखण्याची वेळ किरणोपचारांपूर्वीची. काढावे लागणारे दात उपचारांच्या दोन-तीन आठवडे आधी काढले, तर जखम भरण्यास अवधी मिळतो. किरणोपचारांनंतर जबड्याच्या अस्थीचा रक्तपुरवठा मंदावतो. तेथे दात काढल्यास जखम न भरता अस्थी मृत होण्याचा धोका असतो. अस्थिगत कर्करोगात दिल्या जाणाऱ्या झोलेड्रॉनिक आम्लाच्या इंजेक्शनांनीही जबड्याची अशीच हानी होऊ शकते, हे २००३ पासून नोंदले गेले आहे. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना दाताखालचा लहानसा पूही जिवावर बेतू शकतो. म्हणून असा रुग्ण आला की त्याला प्रथम दंतवैद्याकडे पाठवावे, आणि दात काढण्याचा निर्णय कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीवाचून होऊ देऊ नये.

आता आमच्या औषधांविषयी. साखरेचे अवलेह शुष्क मुखात दातांना चिकटून राहतात. ते दिल्यास नंतर चूळ भरण्यास अवश्य सांगावे. आसव-अरिष्टांतील मद्यांश मुखपाकात दाह वाढवतो. मिरी, लवंग, कापूर, गेरू यांची खरखरीत मंजने अशा मुखाला सोसत नाहीत. औषधालयाच्या मालकांनी ग्राहकाला दंतमंजन देण्यापूर्वी एवढी विचारपूस करावी. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ मध्ये बंदी झाली. तरीही खेड्यापाड्यांत मशेरी लावण्याची सवय टिकून आहे. ती मोडणे हेही आमचेच काम.

गंडूष व कवल हे आमच्या दिनचर्येचे वैभव खरे. परंतु ज्याला गिळता येत नाही त्याच्या मुखात द्रव भरून ठेवणे धोक्याचे, कारण तो श्वासमार्गात जाऊ शकतो. अशा वेळी गिळण्याची क्षमता तपासून घ्यावी. ज्याला चूळ भरता येते, त्याला कोमट पाण्यात थोडे मीठ व खाण्याचा सोडा घालून वारंवार चूळ भरावयास सांगणे अधिक हितकर. दंतवैद्याने फ्लोराइड सुचविले असेल, तर केवळ ते आधुनिक आहे म्हणून विरोध करू नये.

केसपेपरवर तीन प्रश्नांची भर घालावी, अशी आमची समस्त वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे: दात दुखतो का? चावता येते का? मुखात तीन बोटे उभी मावतात का? या तिहींची उत्तरे मिळाल्यावाचून लिहिलेले पथ्य कागदावरच राहते. रुग्णाच्या पोटात पोहोचत नाही.