हाफ इंजिन

सोलापुरात हाफ चहा मिळतो, हाफ तिकीट मिळतं आणि हाफ इंजिनही मिळतं. पहिल्या दोहोंबद्दल माझी काही तक्रार नाही. हाफ चहाने निदान अर्धी तलफ भागते आणि हाफ तिकिटावरचं पोरगं पुऱ्या पुण्याला पोचतं. हाफ इंजिनाची पिकअप मात्र मोहोळच्या पुढे गेली तर नवस फेडावा लागतो.

ज्यांच्या घरी पिकअप नाही अशा सुखी माणसांसाठी खुलासा करतो. डिझेल गाडी म्हातारी झाली की धूर सोडते, ऑइल पिते आणि चढावर धापा टाकते. मग तिला 'ओव्हरऑइल'ला नेतात. मूळ शब्द ओव्हरहॉल. पण गाडी जे ऑइल पीत असते ते बघता गॅरेजवाल्यांचाच शब्द जास्त शास्त्रशुद्ध वाटतो. या ओव्हरऑइलात दोन जाती. फुल म्हणजे इंजिन खाली उतरवायचं, सगळं सुटं करायचं, ब्लॉक बोअरिंगला, क्रँक ग्राइंडिंगला, पंप पंपवाल्याकडे. हाफ म्हणजे इंजिन गाडीतच ठेवायचं, वरून हेड उचलायचं, खालून चेंबर सोडायचा, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, आणि संध्याकाळी नारळ.

हा हाफ प्रकार बंद झाला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. "दाजी, तुम्ही बी.कॉम. आहात," अशी आठवण माझा मेव्हणा करून देतो. तो सांगोल्याची डाळिंबं वाहतो आणि त्याच्या गाडीचं दोनदा हाफ इंजिन झालं आहे. आहे बाबा मी बी.कॉम. आणि बी.कॉम. माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गेल्या साली चुकलेली शिल्लक तशीच नव्या वहीत ओढली तर कोरी वहीसुद्धा पहिल्या पानापासून खोटी ठरते.

सिलिंडरचंही तेच. पिस्टन लाखो वेळा वर-खाली करतो. त्यात सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे रिंग वळून माघारी फिरते, तिथे जास्त झिजतो आणि गोलाचा अंडाकृती होतो. अशा भोकात नवी गोल रिंग बसवणं म्हणजे वाकड्या पातेल्यावर नवं झाकण ठेवणं! वाफ जायची तिथून जातेच. आणि डिझेल इंजिनाचा सारा जीव त्या दाबात. त्यात ठिणगी नसते. हवाच सोळा-वीस पट दाबायची, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपणहून पेटतं. रुडॉल्फ डीझेल नावाच्या गृहस्थांनी १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गला हे करून दाखवलं. त्यांना कुणी "सध्या रिंगाच टाका, मालक" असं सुचवलं असतं तर जगात अजून बैलगाड्याच असत्या.

क्रँकची कथा आणखी करुण. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते, कारण त्या फटीत ऑइलचा पापुद्रा असतो आणि त्या पापुद्र्यावर आख्खं इंजिन तरंगत असतं. त्यासाठी मायक्रोमीटर नावाचं यंत्र मिळतं. आमचे मिस्त्री त्यासाठी अंगठ्याचं नख वापरतात. नख फिरवून, डोळे मिटून, नाडी बघितल्यासारखं सांगतात, "चांगलाय की ओ! काय होत नाही." झिजलेला क्रँक दहा थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर, घासून त्या मापाची बेअरिंगं टाकायची सोय असताना हे चालतं. आणि कुठे? जिथे १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स देशोदेशीच्या मोटारींना कॅमशाफ्ट पुरवते, त्या सोलापुरात. म्हणजे गावात माप नाही असं नाही. ते परगावी पाठवायचं असतं, एवढंच.

थर्मोस्टॅटवर तर मला स्वतंत्र निबंध लिहायचा आहे. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, तापलं की वाट मोकळी करायची, एवढं गरीब काम ते करतं. इथलं पहिलं हाफ इंजिन झालं की ते काढून टाकतात. "सोलापूरच्या उन्हात हे कशाला?" मग इंजिन पहाटे तासभर गारठलेलं चालतं, डिझेल पुरतं जळत नाही, उरलेलं ऑइलात उतरतं आणि सिलिंडर झिजतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसलं की थोडं पाणी रेडिएटर चुकवून आडवाटेने फिरत राहतं आणि मे महिन्यात गाडी उलट जास्तच तापते. त्यात बोअरचं जड पाणी. न्हाणीघरातल्या बादलीला जो पांढरा थर चढतो तोच इंजिनाच्या पोटात चढतो. बादलीला आम्ही चिंचेने घासतो. इंजिनाला कोण घासणार?

एवढं झाल्यावर मालकाला गाडी 'वाढवायची' इच्छा होते. पंप वाढवून घेतात. जास्त डिझेल, जास्त ओढ, जास्त काळा धूर. आणि एका घाटात पिस्टनचा माथा वितळतो. शिवाय प्रेशर हॉर्न, निळे दिवे आणि मागे 'आईचा आशीर्वाद'. आईला विचारलं असतं तर तिने आधी एअर फिल्टर बदलायला सांगितलं असतं. आपल्याकडे तो टायरवर आपटून साफ करतात! कागद फाटला की आत जाणारी धूळ सिलिंडरला पॉलिश पेपरसारखी घासते. गाडी टिकवायचीच असेल तर माझी यादी अगदी नीरस आहे. नवा फिल्टर, साफ केलेला रेडिएटर, बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट, जागेवर बसवलेलं थर्मोस्टॅट, आणि ऑइलच्या दाबाचा काटा. दिवा नको, काटाच हवा; दिवा लागतो तेव्हा बेअरिंग बहुधा गेलेलं असतं. यातलं काहीच लोकांना दिसत नाही, म्हणून यावर कुणी खर्च करत नाही.

आता मिस्त्रींच्या बाजूनेही बोललं पाहिजे. परवा एकाला मी हेच सुनावलं. तो हात पुसत म्हणाला, "सायेब, फुल करायला मला काय वाईट वाटतंय का? मालकाच्या खिशात पैसेच हाफ असतात की."

इथे माझी बोलती बंद व्हायची नाही, पण रोख फिरला. तो आमच्या काउंटरच्या आतल्या बाजूला आला. आमच्या बँकेत (नाव सांगत नाही, पेन्शन यायची आहे) नव्या पिकअपला कर्ज झटपट मिळतं. जुन्या पिकअपच्या फुल इंजिनाला आमच्याकडे अर्जाचा नमुनाच नाही. कारण आमच्या वह्यांत ती गाडी मेलेली असते. भाड्याने चालणाऱ्या मालवाहू गाडीवर आयकरात वर्षाला ३० टक्के घसारा धरतात. त्या हिशेबाने पाच लाखांची गाडी पंधरा वर्षांत २,३७४ रुपयांवर येते. मेव्हण्याचं घर ज्या गाडीवर चालतं, दोन पोरांची फी जिच्यावर जाते, तिची किंमत एका बऱ्या सोलापुरी चादरजोडीएवढी! मग तो हाफ इंजिन करतो. सहा महिन्यांत गाडी पुन्हा उभी. कंटाळून नवी गाडी घेतो, आमच्याच कर्जावर. ती डाळिंबाचा हंगाम संपला की रिकामी उभी राहते, हप्ता मात्र उभा राहत नाही. नव्वद दिवस थकला की खातं एनपीए, आणि वसुलीच्या नोटिशीचा मसुदा करायला मीच.

म्हणून गेल्या आठवड्यात मी स्वतःच एक नमुना तयार केला. त्यात बोअरिंगवाल्याने मायक्रोमीटरने घेतलेली मापं लिहायला रकाने आहेत, आणि कर्ज मालकाच्या हातात न देता बोअरिंगवाला, पंपवाला, मिस्त्री यांच्या बिलांप्रमाणे द्यायचं, अशी तरतूद आहे. मॅनेजरसाहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला.

"तारण काय?"

"गाडीच, साहेब. जुनं कर्ज फिटलंय, आरसी बुकावर बोजा नाही."

"पण इंजिन तर खोलून चार दुकानांत पडलेलं असणार," साहेब म्हणाले. "इन्स्पेक्शनला मी कुठल्या दुकानात जाऊ?"

मी त्यांना चारही दुकानांचे पत्ते लिहून दिले आहेत.