आठ इंच सावली कमी

दादाचा फोन पहिल्या रिंगला उचलला गेला, तेव्हाच कळलं की आपली काही खैर नाही. पहाटेचे साडेचार. मी धुळ्याजवळ, लळिंगच्या किल्ल्याखाली एका ढाब्याच्या आवारात उभी. पायात चप्पल एकच. समोर दादाची लाडकी कॅम्पर व्हॅन आणि तिच्या कुशीवरून लोंबकळणारं, चिंध्या झालेलं छत. ऑनिंग म्हणतात त्याला. गाडीच्या बाजूला गुंडाळलेलं असतं, ओढलं की अंगण तयार!

"दादा, ऑनिंग फाटलं."

"उघडं ठेवून झोपलीस?"

मंडळी, खोटं बोलायचा मोह झाला होता. 'अचानक उडालं' वगैरे. पण मे महिन्यात खान्देशात संध्याकाळी आभाळ भरून आलं की वारा सुटतो, हे जळगावात वाढलेल्या मुलीला माहीत नाही असं कोण मानेल? दरवर्षी याच दिवसांत रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात, पेपरात फोटो येतात. आणि मी मस्तपैकी चांदण्यात शेवभाजी हाणून, छत तसंच ठेवून आत गुडुप झाले होते.

आता थोडी बॅकग्राउंड. दादा माझा मावसभाऊ. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा याच्या डोक्यात किडा वळवळला. नोकरी सांभाळून कर्ज काढलं, एक ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर करून घेतली, कागदपत्रांसाठी वर्षभर खेटे घातले. मला ती दोन दिवसांसाठी फुकट दिली होती, कारण मी या कॉलमसाठी लिहिणार होते. तो बुधवार होता. शनिवारी सकाळी पुण्याहून दोन जोडपी अजिंठ्यासाठी येणार, अ‍ॅडव्हान्स घेतलेला. आणि तो अ‍ॅडव्हान्स कर्जाच्या हप्त्यात गेलेला.

पुण्याच्या विक्रेत्याला सकाळी फोन केला. नवा सेट यायला पंधरा दिवस, आणि किंमत ऐकून मी फोन कानापासून लांब धरला. फ्रीलान्सरच्या बँक बॅलन्सबद्दल जास्त बोलत नाही. आपण सगळे एकाच बोटीत आहोत.

एवढं नुकसान झालं कसं? हिशेब साधा आहे. ताशी ५० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरवर साधारण बारा किलोचा दाब देतो. आमचं छत तीन बाय अडीच मीटरचं, म्हणजे जवळजवळ नव्वद किलो. अख्खा एक माणूस! वारा ७० वर गेला की हाच आकडा दुप्पट होतो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून दोर कितीही ताणा, वादळात उघडं छत टिकत नाही. ते गुंडाळायचंच असतं.

ढाब्यावरच्या एका ट्रक ड्रायव्हरने सगळं लटांबर टपावर आवळून दिलं आणि हायवेवरच्या ताडपत्रीवाल्याकडे पिटाळलं. मुंबई-आग्रा आणि सुरत-कोलकाता हे दोन रस्ते धुळ्यात भेटतात, त्यामुळे ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारी माणसं इथे असणारच. हे काका साठीच्या पुढचे. कापड जमिनीवर पसरलं, चष्मा कपाळावर चढवला, हाताने चाचपत एक फेरी मारली. "हाई कापड चांगलं शे, बेटा. फाटलं कुठे ते पाहा. शिलाईवरच ना?"

खरंच! मधलं कापड ठणठणीत होतं. रोलरला जिथे शिवलं होतं, त्या रेषेत चार फूट फाटलं होतं. मी म्हटलं, "काका, तिथेच परत टीप मारा ना." काका हसले. "एकाच रेषेत परत सुई मारली की त्याचं पोस्टाचं तिकीट होतं. ओढलं की टर्रकन." त्यांनी काय केलं, तर फाटलेली पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ कापून टाकली. आठ इंच गेले. मग नवी कड दुमडून आत नायलॉनची दोरी घातली, म्हणजे रोलरच्या खाचेत ती सरकवता येते, आणि जाड पॉलिस्टर धाग्याने दोन समांतर टिपा मारल्या. बाकी दोन छोट्या भोकांवर त्याच जातीच्या कापडाची ठिगळं, गरम हवेच्या गनने चिकटवलेली. कोपरे गोल कापले. टोकदार कोपरा आधी उचकटतो म्हणे. इथे नमूद करायला हवं की जळगावच्या निम्म्या नातेवाइकांनी फोनवर 'पाइपाचं सोल्युशन लाव' असा सल्ला दिला होता. पीव्हीसी पाइपांच्या गावाकडून दुसरी काय अपेक्षा करणार! पण ते वाळून कडक होतं, आणि गुंडाळायच्या कापडाला कडकपणा म्हणजे पुढची चीर.

दुपारी पारोळा-एरंडोल करत नव्वद किलोमीटर घरी पोचले. दादा बोलला नाही. वहिनीने ताक दिलं. मीच पाना उचलला आणि रोलरचं टोक उघडायला लागले. आणि तो पहिल्यांदा ओरडला, "हात काढ!"

त्या नळीत मोठी स्प्रिंग असते, फेरे देऊन ताणलेली. पिन न घालता टोक उघडलं तर ती फिरून मनगटच मोडते. दादाने पिन घातली, टोक दोघांनी घट्ट धरलं, एकेक फेरा सोडत मोजले आणि पेनाने भिंतीवर लिहिले. तेवढेच नंतर परत द्यायचे असतात. वाकलेला हात सरळ करायच्या फंदात पडलो नाही. वाकून सरळ केलेलं अ‍ॅल्युमिनियम त्याच जागी परत वाकतं. फॅब्रिकेटरकडून तशाच मापाचा नवा पाइप आणला.

खरी डोकेदुखी गाडीच्या पत्र्याची. स्क्रू नुसत्या पत्र्यात होते, वाऱ्याने उपसून काढले. शुक्रवारी सकाळी सहाला सुरुवात केली, कारण दहानंतर जळगावच्या उन्हात पत्र्याला हात लावणं म्हणजे तव्यावर भाकरी थापणं. आतलं प्लायवूड काढलं, आतून लोखंडी पट्टी ठेवली, आरपार बोल्ट घातले, भोकाभोवती पॉलियुरेथेन सीलंट. कापडाची कड साबणाच्या पाण्याने ओली करून खाचेत सरकवली. मी या टोकाला, दादा त्या टोकाला, वहिनी मधे कापड उचलून. बोल्ट हलकेच आवळून सीलंटला रात्रभर वेळ दिला, मग शनिवारी पहाटे पूर्ण आवळले. बागेच्या पाइपने पाणी सोडलं. आत एक थेंब नाही. एक पाय दुसऱ्यापेक्षा खाली ठेवला, म्हणजे पाणी साचून कापडाला पोट येत नाही.

"सावली आखूड झाली," दादा म्हणाला. तीन दिवसांतलं त्याचं पहिलं सरळ वाक्य.

"आठ इंच."

"खुर्च्या आत सरकवून ठेवतील." मग थोडं थांबून, "आणि दिवस मावळला की गुंडाळायचं, हे त्यांना तू सांगशील. मी नाही."

सांगितलं. चावी देताना दोनदा. आणि गाडीत दरवाजाजवळ मोठ्या अक्षरात लिहूनही चिकटवलं. बिल मी भरतेय, तीन हप्त्यांत. रविवारी रात्री आभाळ भरून आलं तेव्हा आम्ही तिघं गच्चीवर बसलो होतो, आणि कुणीच बोलत नव्हतं. साडेनऊला दादाच्या मोबाइलवर फोटो आला. खिडकीच्या काचेवर पाऊस, आणि त्याच्यावर गुंडाळून नीट बांधलेलं छत.

कापलेली पट्टी वहिनीने टाकू दिली नाही. तिची तिने खुंट्या-दोऱ्या ठेवायची पिशवी शिवलीय.