पिंकीची पायरी

चोर्ला घाट उतरून साखळीमार्गे डिचोलीला मावशीकडे पोचलो की अंगणात पिंकी स्वागताला हजर, असा नऊ वर्षांचा शिरस्ता. या खेपेसही ती आवाजाच्या रोखाने धावत आली, पण वाटेत तुळशीवृंदावनावर आपटली.

“चार दिवस झाले रे, हिला काही दिसत नाही,” मावशी म्हणाली. “महिनाभर सारखी खायला मागत होती, पाणीही फार पीत होती, अंगानं सुटली. मला वाटलं, म्हातारपणी लाड वाढले!” शेजारच्या एका गृहस्थांनी सल्ला देऊन ठेवला होता, “कशाला हाल करता? इंजेक्शन देऊन मोकळी करा.” मावशीला रात्रभर झोप नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिंकीला म्हापशाला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी आधी रक्त तपासले, रक्तदाब पाहिला. कुत्र्याची दृष्टी अचानक जाते तेव्हा कारणे अनेक असतात आणि त्यांतली काही वेळेवर कळली तर आवरता येतात. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात, म्हणजे एर्लिकियात, प्लेटलेट कमी होऊन डोळ्यात रक्तस्राव होतो, कधी दृष्टिपटल सुटते. त्यावर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे देतात. मूत्रपिंड बिघडून रक्तदाब वाढला तरीही दृष्टिपटल सुटू शकते. म्हणून अशा वेळी “दोन दिवस बघू” म्हणू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पिंकीला यांतले काहीच नव्हते. दृष्टिपटल वरून पाहता निरोगी दिसत होते. डॉक्टरांनी डोळ्यांवर लाल प्रकाश टाकला, बाहुल्या हलल्या नाहीत. निळा टाकला, तेव्हा आकसल्या. या खुणेवरून त्यांनी ‘सार्ड्स’ या आजाराची दाट शक्यता सांगितली. यात दृष्टिपटलातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी काही दिवसांत वा आठवड्यांत काम थांबवतात. खात्रीसाठी दृष्टिपटलाचा विद्युत आलेख काढावा लागतो, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी असते. हा आजार बहुधा मध्यम वयाच्या वा उतारवयाच्या कुत्र्यांना होतो. आधी भूक, तहान आणि वजन वाढते, तसे पिंकीचेही झाले होते. कारण अजून नक्की ठाऊक नाही, दृष्टी परत आणणारा सिद्ध उपचारही नाही.

मावशीने एकच विचारले, “तिला दुखतं का हो?” डॉक्टर म्हणाले, “नाही. आंधळी झाली, पण वेदना नाहीत.” अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा आजार झालेल्या शंभर कुत्र्यांच्या मालकांना विचारले होते. अशा कुत्र्याला मारू नका, असेच बहुतेकांचे मत पडले. इंजेक्शनचा विषय तिथेच संपला.

घरी आल्यावर खरी गंमत कळली. पिंकी आजवर आमचे हात नि चेहरे बघून वागत होती. आता उरले शब्द, आणि त्या घरात शब्द तीन भाषांचे! पायरी आली की मावशी म्हणे “पायरी”, शेजारच्या बायका “सोपण”, धारवाडहून आलेली सूनबाई “मेट्टिलु”. बिचारी मध्येच थबके. शेवटी ठरले, एका गोष्टीला एकच शब्द. पिंकीला जेवण घालते सूनबाई, म्हणून शब्द तिचे: पायरीला “मेट्टिलु”, थांबायला “निल्लु”, बोलवायला “बा इल्ली”. सत्तरीची मावशी आता अंगणात उभी राहून ठसक्यात “निल्लु!” म्हणते. सूनबाई स्वयंपाकघरातून हळूच उच्चार सुधारते, आणि मावशी तो मुकाट्याने सुधारून घेते.

बाकीचे सोपे होते. पलंग-खुर्च्यांच्या जागा बदलायच्या नाहीत, पाण्याचे भांडे नेहमीच्या जागी, विहिरीच्या बाजूला जाळी, बाहेर नेताना साखळी. अंगाला हात लावण्यापूर्वी नावाने हाक मारायची, म्हणजे दचकून चावत नाही.

निरोप घेताना पिंकी ओसरीवरून निघाली. “मेट्टिलु,” मावशी म्हणाली. पिंकीने पंजा पुढे टाकून चाचपले, पायरी सापडली, आणि शेपटी हलवत ती माझ्यापर्यंत आली.

वाचकहो, तुमच्या घरी मुका जीव असेल तर पावसाळ्यात त्याच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड जरूर पाहा. आणि त्याच्याशी बोलायचे शब्द घरात सगळ्यांनी मिळून आजच ठरवून टाका.