चेहरा ब्लर, सर्व्हर मात्र उघडा

बातमीत पीडित मुलीचा चेहरा ब्लर केलेला दिसला की आपल्याला बरं वाटतं. चला, चॅनेलने काळजी घेतली. पण ब्लर असतो तो फक्त आपल्यापर्यंत आलेल्या प्रतीत. मूळ फुटेज एडिट रूमच्या सर्व्हरवर जसंच्या तसं पडलेलं असतं. चेहरा, आवाज, आईचं नाव, घराची पाटी, सगळं. आणि ते कोण उघडू शकतं? बऱ्याच ठिकाणी उत्तर एकच, सगळे.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाच-दहा एडिटिंग मशीन असतात आणि मध्ये एक नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली हार्ड डिस्कची मोठी पेटी. कॅमेऱ्यातलं फुटेज तिथे उतरतं आणि प्रत्येक जण आपल्या मशीनवरून ते वापरतो. पेन ड्राइव्ह घेऊन पळापळ नाही, चार ठिकाणी चार प्रती नाहीत. सोय उत्तमच आहे.

घोळ होतो तो पुढे. 'एडिट' नावाचं एकच लॉगिन, पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला, आणि त्या लॉगिनला बघायची, बदलायची, डिलीट करायची सगळी मुभा. कालचा इंटर्न, मागच्या वर्षी सोडून गेलेला फ्रीलान्सर, रात्रपाळीचा ग्राफिक्सवाला, सगळे त्याच चावीने आत. वर म्हणायचं, 'आमच्याकडे सगळं विश्वासावर चालतं.'

माझ्या मते हा विश्वास नाही, ही जबाबदारी झटकणं आहे. कारण उद्या एखादी फाइल उडाली किंवा एखादी क्लिप व्हॉट्सॲपवर फिरायला लागली, तर सर्व्हरच्या नोंदीत नाव काय सापडणार? 'एडिट'. म्हणजे कुणीच नाही. आणि कुणीच सापडलं नाही की खोलीतल्या सगळ्यात कमी पगाराच्या पोराकडे बोट जातं. ते पोर 'मी नाही केलं' हेही सिद्ध करू शकत नाही.

कायदा मात्र मालकाला असं सोडत नाही. पॉक्सो कायद्याचं कलम २३ विशेष न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाची ओळख माध्यमांतून उघड करायला मनाई करतं. त्यात नाव, पत्ता, फोटो, शाळा, शेजार सगळं आलं. त्याच कलमात पुढे म्हटलंय की कर्मचाऱ्याच्या कृतीला आणि हलगर्जीला माध्यमाचा किंवा स्टुडिओचा मालकही जबाबदार. मग चाव्या कुणाकडे आहेत हे बघणं मालकाचंच काम नाही का?

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'बुलेटिनच्या घाईत परवानग्या कोण मागत बसणार? काम स्लो होतं.' साफ चूक. काम स्लो होतं ते नेटवर्कमुळे. फोरके प्रोरेस एचक्यूची २५ फ्रेमची एक क्लिप सेकंदाला साधारण ७३७ मेगाबिट खाते. एक गिगाबिटची लाइन त्यातच भरत आली. दुसऱ्या एडिटरने प्ले दाबलं की अडकणारच. त्याला दहा गिगाबिटचा स्विच घ्या किंवा प्रॉक्सीवर काम करा. लॉगिन वेगळं केल्याने एक फ्रेमही अडत नाही.

करायचं काय, तर फार नाही. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन. मूळ फुटेजचा फोल्डर एडिटरला फक्त बघण्यापुरता, लिहिणार तो फक्त फुटेज उतरवणारा. पीडितांच्या मुलाखतींचा फोल्डर वेगळा, तो त्या बातमीवर काम करणाऱ्या दोघा-तिघांनाच. दोघांनी एकच प्रोजेक्ट उघडून एकमेकांचं काम पुसू नये म्हणून सॉफ्टवेअरमधलं लॉकिंग चालू. ते ॲव्हिडमध्ये आहे, प्रीमियरमध्ये आहे, रिझॉल्व्हमध्येही आहे. माणूस नोकरी सोडेल त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद. आणि नॅस थेट इंटरनेटला उघडा ठेवायचा नाही. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने अशाच उघड्या ठेवलेल्या हजारो नॅसवरच्या फाइल्स कुलूपबंद केल्या होत्या.

शेवटचं म्हणजे बॅकअप. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. रेडमुळे एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, पण कुणी फोल्डर डिलीट केला तर रेड तो इमानदारीने सगळ्या डिस्कवरून डिलीट करतं. दुसरी प्रत वेगळ्या जागी हवी आणि ती अधूनमधून उघडून बघायला हवी. १९९८ मध्ये पिक्सारसारख्या स्टुडिओत 'टॉय स्टोरी २'चा बराचसा भाग एका चुकीच्या कमांडने उडाला आणि बॅकअप नीट चालतच नव्हता हे तेव्हा कळलं. सिनेमा वाचला तो घरून काम करणाऱ्या एका सहकारी बाईंच्या कॉम्प्युटरवर प्रत होती म्हणून.

यातल्या लॉगिन आणि परवानग्यांना एक रुपयाही लागत नाही, अर्धा दिवस लागतो. एडिटर मित्रांनो, नवीन ठिकाणी रुजू होताना पगाराबरोबर स्वतःचं लॉगिनही मागून घ्या. आणि मालक मंडळी, ज्या मुलीने तुमच्या कॅमेऱ्यासमोर तोंड उघडलं, तिने विश्वास तुमच्यावर ठेवला होता. भिंतीवरच्या पासवर्डवर नाही.