पदके मोजताना धनुष्य कोणी घेऊन दिले, तेही मोजा

अमडापूरहून चिखलीकडे किंवा खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर भल्या पहाटे निघालात, तर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे धावताना दिसतात. कुणाच्या पायात साधे बूट, कुणाच्या पायात तेही नाहीत. धावायला पैसे लागत नाहीत, म्हणून ती धावतात. याच बुलडाणा जिल्ह्यातला, जेमतेम विशीच्या उंबरठ्यावरचा प्रथमेश जवकार मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत उतरला आणि नेदरलँड्सच्या माईक श्लोसरला १४९-१४८ असे हरवून कंपाउंड धनुर्विद्येचे सुवर्णपदक घेऊन आला. श्लोसर तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता. जिल्ह्यात सत्कार झाले, फलक लागले. पण रस्त्यावर धावणाऱ्या पोरांपैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी खरे धनुष्य हातात धरले आहे, हा प्रश्न त्या फलकावर नव्हता. आज तोच प्रश्न आम्ही मांडत आहोत.

आधी कामगिरीचा हिशेब करू. जुलै २०२३ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे जागतिक युवा धनुर्विद्या स्पर्धा झाली. भारताने ६ सुवर्णांसह ११ पदके मिळवली. साताऱ्याच्या पार्थ साळुंखेने २१ वर्षांखालील रिकर्व्ह गटात कोरियाच्या खेळाडूला पिछाडीवरून ७-३ असे हरवले. रिकर्व्ह म्हणजे ऑलिम्पिकमध्ये चालते ते धनुष्य, लक्ष्य ७० मीटरवर. प्रत्येक सेटमध्ये तीन बाण, सेट जिंकला तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक, आणि आधी सहा गुण गाठेल तो विजयी. या पद्धतीत एक वाईट बाण सामना घालवत नाही, पण मन खचले तर सामना हातचा जातो. मागे पडल्यावर, तेही कोरियासमोर, उलटून उभे राहणे हीच पार्थची खरी कमाई. या गटात जागतिक युवा विजेता झालेला तो पहिला भारतीय पुरुष खेळाडू ठरला.

त्याच स्पर्धेत साताऱ्याच्याच अदिती स्वामीने १८ वर्षांखालील कंपाउंड गटात अमेरिकेच्या मुलीला १४२-१३६ ने हरवले. कंपाउंडमध्ये १५ बाणांचे १५० पैकी गुण सरळ मोजले जातात. १४२ म्हणजे आठ गुण गेले. वाऱ्याचा वाटा त्यात असेल, नसेलही. पण महिनाभरात, ऑगस्टच्या सुरुवातीला, बर्लिनच्या वरिष्ठ गटातील जागतिक स्पर्धेत याच सतरा वर्षांच्या मुलीने अंतिम फेरीत १४९ गुण घेतले आणि मेक्सिकोच्या खेळाडूला हरवून ती जगज्जेती झाली. पदक दोन्हीकडे सुवर्णच होते, पण कामगिरी एकच नव्हती. म्हणून आम्ही म्हणतो, पदकाचा रंग पाहून थांबू नका, गुणफलक वाचा. खेळाडू कुठून कुठे पोहोचला ते तिथे कळते.

ऑगस्ट २०२५ मध्ये कॅनडातील विनिपेगच्या युवा स्पर्धेत पुणे परिसरातील शर्वरी शेंडे ही मुलगी १८ वर्षांखालील रिकर्व्ह गटात कोरियाच्या खेळाडूला शूट-ऑफमध्ये हरवून जगज्जेती झाली. तिच्याआधी या गटाचे विजेतेपद दीपिका कुमारी (२००९) आणि कोमलिका बारी (२०१९) या झारखंडच्या दोघींनी आणले होते. आनंद जरूर मानावा. पण दीपिका २०१२ पासून चार ऑलिम्पिक खेळली आणि भारताला धनुर्विद्येत अजून एकही ऑलिम्पिक पदक नाही. २०२४ च्या पॅरिसमध्ये आपली मिश्र जोडी चौथी आली, तेच आजवरचे सर्वोत्तम. युवा वयात जग जिंकणारा देश मोठेपणी मागे का पडतो? कारणे अनेक असतील. आमच्या मते एक मोठे कारण असे की, आपल्याकडे वर पोहोचणाऱ्यांची रांग फार छोटी आहे. कोरियात एक थकला तर मागे दहा उभे असतात. आपल्याकडे त्या दहा जणांना धनुष्यच मिळालेले नसते.

आता खर्चाकडे येऊ. नवशिक्या मुलाला आपल्याकडे बांबूचे धनुष्य देतात, त्याला इंडियन राउंड म्हणतात. तिथपर्यंत गरिबाचे पोर बरोबरीने चालते. पुढे रिकर्व्ह किंवा कंपाउंड घ्यायचे तर अडीच-तीन लाखांची गोष्ट, बाण वेगळे, मोडले की पुन्हा खर्च. अदितीच्या घरी वडील शिक्षक, आई ग्रामसेवक. दोन सरकारी पगार असलेल्या त्या घरालाही धनुष्यासाठी कर्ज काढावे लागले. त्या आईबापांना आमचा सलाम. पण दोन पगारांच्या घराची ही अवस्था, तर अमडापूरच्या शिवारात सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या मजुराच्या पोरीने काय करायचे? तिला कर्ज तरी कोण देणार?

यावर उत्तर नाही असे नाही. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव हा मजुराचा मुलगा. जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकाने त्याला खेळाकडे वळवले, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने राहणे, जेवण आणि धनुष्य दिले. तो टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला, तिथे जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला त्याने ६-० असे हरवले. पॅरिसलाही तो भारताच्या संघात होता. प्रबोधिनीच्या जागी बापाचा खिसा असता, तर प्रवीण आज कुठे मजुरी करत असता, हे सांगायला ज्योतिषी नको.

आमच्या चळवळीने एकलव्याची गोष्ट पिढ्यान्पिढ्या सांगितली. आजच्या रिकर्व्ह धनुष्याची दोरी तीन बोटांनी ओढतात, अंगठा लागतच नाही. आज कोणी अंगठा मागत नाही, कोटेशन मागतात. पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. तेव्हा दार जातीने अडवले होते. आता तेच दार किमतीने अडते, आणि ती किंमत कोणाच्या घराला परवडत नाही हे सांगायला नको.

म्हणून मागणी साधी आहे. जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातील २० टक्के निधी मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. त्यातून शिलाई यंत्रे, सायकली वाटल्या जातात. वाटाव्यात, त्याला आमची ना नाही. पण त्याच निधीतून तालुक्याला पाच-दहा धनुष्ये, एक मैदान आणि मानधनावर एक प्रशिक्षक का मिळू नये? धनुष्य मुलाच्या मालकीचे नसले तरी चालेल, ग्रंथालयातल्या पुस्तकासारखे ते शाळेचे असावे. कंपाउंडची मिश्र स्पर्धा २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये येत आहे, म्हणजे प्रथमेशच्या प्रकाराला प्रथमच ऑलिम्पिकचे दार उघडते आहे. त्या दारात आपल्या जिल्ह्यातून एकटा प्रथमेशच उभा राहणार, की त्याच्यामागे रांग असणार, हे आज ठरते आहे.

कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे. ग्रामसभेत हात वर करून विचारावे, अर्थसंकल्पाच्या वेळी आपल्या जिल्हा परिषद सदस्याला विचारावे, आणि नसेल सदस्य तर प्रशासकाला विचारावे: मागासवर्गीयांचा २० टक्के निधी गेल्या वर्षी कशावर खर्च झाला आणि त्यात खेळावर किती गेले? उत्तर लेखी मागावे. पुढच्या सत्काराच्या फलकाला वर्गणी देण्याआधी हा कागद हातात असला पाहिजे. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या आमच्या पोरांना दम कमी नाही. त्यांच्या हातात काय द्यायचे, ते आपण ठरवायचे आहे.