बधिर पायांचा हक्क

अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 साली कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले, आणि त्याच वर्षी वेल्लोरच्या रुग्णालयात रुजू झालेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी पुढे हे दाखवून दिले की, कुष्ठरोग्याची पावले केवळ रोगजंतूंमुळे झडत नसून, संवेदना हरपलेल्या तळव्यावर नित्य पडणाऱ्या भाराने झिजतात. सबब जखमेला मलम लावण्यापेक्षा तिच्यावरचा भार उतरवणे हा खरा इलाज होय. पायाला सर्व बाजूंनी लागून बसणाऱ्या प्लास्टरने भार उतरवण्याची हीच उपचारपद्धती पुढे मधुमेह्यांनाही लागू पडली. बधिर पायांची शुश्रूषा ज्या वऱ्हाडाने इतक्या जवळून पाहिली, तेथेच मधुमेह्याचा पाय बहुधा तपासला जात नाही, ही गोष्ट मला असह्य वाटते.

श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे जल कावडीने आणून अकोल्याच्या राजराजेश्वराला अर्पण करणारे भाविक, नवरात्रात अमरावतीच्या अंबादेवीच्या दर्शनाला अनवाणी निघणाऱ्या स्त्रिया आणि पऱ्हाटीच्या धसकटांतून वाट काढणारा शेतकरी, यांतील ज्यांच्या मज्जातंतूंना साखरेने ग्रासले आहे, त्यांना रुतलेला काटा कळत नाही, आणि तळव्याचा फोड फुटल्याचे सतरंजीवर ओला डाग उमटल्यावरच ध्यानात येते. तरीही उत्तर ठरलेले : ‘‘दुखत तं नाही, मंग दाखवाचं कायले?’’

दवाखान्यात साखर मोजली जाते, गोळी वाढवली जाते. ‘चप्पल काढा’ असे म्हणणारा विरळाच. वास्तविक 10 ग्रॅम भाराचा नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवून डोळे मिटलेल्या रुग्णाला ‘कळतंय का?’ असे विचारणे, पावलावरची व घोट्यामागची नाडी चाचपणे आणि बोटांच्या बेचक्या उघडून पाहणे, एवढ्याला काही मिनिटेच लागतात. जखम खोल असून तिच्या तळाशी तपासणीची सळई हाडाला टेकली, तर हाडातील संसर्गाचा संशय धरलाच पाहिजे. बोट काळे पडले, पू वा दुर्गंधी आली, ताप चढला, तर त्याच दिवशी अमरावतीचे इर्विन किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय गाठावे.

याहून फसवा प्रकार बधिर पायाची हाडे ढासळवणाऱ्या ‘शार्को’ विकाराचा. जखम नसताना एकच पाऊल सुजते, लाल होते, दुसऱ्याहून ऊन लागते. कोणी मुरगळल्याचे सांगतो, कोणी युरिक ॲसिड वाढल्याचे, आणि आरंभीच्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा काहीच दिसत नाही. अशा वेळी पाय प्लास्टरमध्ये स्थिर करून भार बंद न केल्यास, चालता चालताच हाडे ढासळून पावलाची कमान बसते.

कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात बधिर पायांच्या रुग्णांना मऊ सूक्ष्मछिद्री रबराची पादत्राणे सरकारातून मिळतात. तशीच तजवीज पाय बधिर झालेल्या मधुमेह्यासाठीही व्हावी, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर साखरेच्या आकड्याशेजारी पायाचा रकाना असावा, आणि तो कोरा राहिल्यास तपासणी अपुरी समजण्यात यावी.